एका तारखेची दोन नातवंडं

श्रीपादची पेटी शनिवारी संध्याकाळी आली आणि रविवारी सकाळी सोवन्यांच्या घरात पोहे झाले. पोहे करा असं कुणी सांगितलं नव्हतं. पण मुंबईहून शिकलेला माणूस येणार, त्याच्यासमोर पोरीला बसवणार, तो तिला चार प्रश्न विचारणार आणि मग काय ते सांगणार, एवढं ऐकल्यावर वेणूवहिनींचे हात आपोआप कांद्याकडे वळले. त्यात त्यांचा दोष नाही. माणूस पारखायची या घराला तेवढी एकच रीत ठाऊक होती.

श्रीपाद म्हणजे अण्णांचं शेंडेफळ. मॅट्रिकला दोनदा बसलेला हा मुलगा आता शिक्षकीची परीक्षा देऊन वर 'बुद्धिमापन' नावाचं शास्त्र शिकून आला होता. त्याच्या पेटीत लाकडी ठोकळे होते, चित्रांचे पुठ्ठे होते आणि एक घड्याळ होतं, जे वेळ सांगत नसे, फक्त किती वेळ गेला ते सांगत असे. परवापर्यंत ज्याला धोतराचा सोगा सांभाळता येत नव्हता तो आता लोकांच्या पोरांची अक्कल मोजणार म्हटल्यावर अण्णांना मनातून हसू येत होतं. पण पेटीवर कॉलेजचा शिक्का होता आणि शिक्क्यापुढे अण्णा हसत नसत. रेल्वेच्या मालधक्क्यावर उभी हयात गेलेली. पावतीवर पाच पोती लिहिली असतील तर डोळ्यांना सहा दिसली तरी पाचच, हा त्यांचा धर्म होता.

सुमतीने मात्र सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. हे सगळं तिनेच ओढवून आणलं होतं. तिची नीला तिसरीत नापास झाली होती. दुसरीतही एकदा झाली होती. निकालाच्या दिवशीच अण्णांनी ओसरीवरून सांगून टाकलं होतं की जूनपासून नीलाने घरी राहावं, वेणूच्या तान्ह्याला सांभाळावं, चार कामं शिकावीत. दगडावर पाणी ओतून दगड भिजत नाही. वेणूवहिनींनी लगेच मान डोलावली. त्यांना तान्ह्याला घ्यायला कुणीतरी हवंच होतं, आणि माईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पाटल्यांवरून दोघी जावांत जे झालं होतं ते अजून पुरतं विझलेलं नव्हतं. सुमतीचा नवरा वामन, अंबरनाथच्या कारखान्यात अख्ख्या खात्याला धाक घालणारा, घरात आल्यावर अण्णांच्या खोकण्यालासुद्धा होकार द्यायचा. तो म्हणाला, "अण्णा म्हणतात तर काहीतरी विचार करूनच म्हणत असतील."

तेव्हा सुमतीने दिराला गुपचूप गाठलं. भावोजी, तुमचं ते शास्त्र आणा, माझी मुलगी मठ्ठ नाही हे एकदा कागदावर येऊ दे, मग अण्णा ऐकतील. श्रीपाद फुशारला. शास्त्राला कुणी आपणहून बोलावण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्याने एकच अट घातली होती. मूल आणि परीक्षक एवढेच हवेत, खोली शांत हवी. अण्णांनी ती ऐकून घेतली आणि ओसरीवर मधोमध आपली खुर्ची टाकली. माझ्याच घरात माझ्या नातवंडांचं चाललंय आणि मी काय परसात बसू, असं त्यांनी विचारलं. अण्णा बसले म्हणून वामन बसला. वेणूवहिनी तान्ह्याला घेऊन दारात बसल्या. त्यांचे यजमान, मोठे भास्करराव, बदलीवर मनमाडला होते, नाहीतर तेही बसले असते. मानपाड्याची गोदा भाजीची पाटी घेऊन आली, तिने पाटावर बसवलेली नीला पाहिली, पोहे पाहिले, चष्म्यातला श्रीपाद पाहिला आणि सुमतीला हळूच म्हणाली, "अवरी लानी पोर, आन बगाला आलं पन?" लग्नाचं बघणं नव्हे असं सांगत सुमतीने तिला दोन जुड्या घेऊन वाटेला लावलं.

आधी वेणूवहिनींचा मुकुंद बसला. नीलाची परीक्षा आहे तर मुकुंदचीही होऊ दे, म्हणजे फरक कळेल, असा वहिनींचा आग्रह होता. मुकुंद चौथी पास, अंगाने थोराड, आवाजाने खणखणीत. शाळेत दोघं एकाच दिवशी गेलेली, त्यामुळे फरक सगळ्या आळीला आधीच कळलेला होता. तरी तो छापून मिळाला तर कुणाला नको असतो? मुकुंदने ठोकळे भराभर रचले, आकडे उलटे म्हणून दाखवले, पुठ्ठ्यांवरच्या चित्रांत काय कमी आहे ते सांगितलं. एकदा तो अडला तेव्हा वहिनींनी तान्ह्याला खेळवत खेळवत कान धरून दाखवला आणि चित्रातल्या गाढवाला कान नाही हे मुकुंदला सुचलं. श्रीपादने चष्म्यावरून पाहिलं, पण मोठ्या वहिनींनी त्याला लहानपणी न्हाऊ घातलेलं होतं.

मग नीला बसली. सुमती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली आणि पदराचं टोक मुठीत धरून पाहत राहिली. ठोकळे नीलाने रचले, पण प्रत्येक ठोकळा ठेवताना ती आधी अण्णांकडे बघे. अण्णांच्या भुवया हलल्या की हात मागे येई. घड्याळ चालूच होतं. आकड्यांना ती सुरुवातीला बरी होती, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "मोठ्याने बोल, तोंडात काय आहे?" आणि पुढचे आकडे तिच्या तोंडातच राहिले.

शेवटी श्रीपादने एक पुठ्ठा काढला. आता मी एक वाक्य वाचतो, त्याने समजावलं, त्यात काहीतरी वेडेपणा आहे, तो कुठला ते सांगायचं. वाक्य असं होतं: एक आजोबा म्हणाले, माझी काठी हरवली ते बरंच झालं, आता ती शोधायला जाताना तीच टेकत जाईन.

नीलाच्या ओठांच्या कोपऱ्याला हसू आलं. सुमतीने ते पाहिलं. तेवढ्यात नीलाची नजर खुर्चीला टेकवलेल्या अण्णांच्या काठीवर गेली आणि हसू गेलं.

"सांग," श्रीपाद म्हणाला. "काय वेडेपणा आहे यात?"

"मोठ्यांच्या बोलण्यात वेडेपणा काढू नये," नीला म्हणाली.

अण्णांना हे उत्तर अतिशय आवडलं. एवढ्या सकाळात पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि पोरीला वळण आहे असं वामनला सांगितलं. श्रीपादने कागदावर शून्य मांडलं.

पोहे संपेपर्यंत हिशेब झाला. श्रीपादने आवाज बदलून, कॉलेजात त्याच्या मास्तरांचा असेल तसा करून, सांगितलं की मुलाचं खरं वय एक असतं आणि त्याच्या बुद्धीचं वय दुसरं असतं. बुद्धीच्या वयाला खऱ्या वयाने भागायचं आणि शंभराने गुणायचं, की बुद्ध्यंक निघतो. दोघांची वयं त्याने शाळेच्या दाखल्यावरून घेतली होती. दोघांचीही जन्मतारीख एक जून एकोणीसशे सेहेचाळीस, म्हणजे दोघंही दहाची. मुकुंदची बुद्धी अकरा वर्षांची. बुद्ध्यंक एकशे दहा. नीलाची आठ वर्षांची, बुद्ध्यंक ऐंशी.

"ऐंशी म्हणजे शंभरापैकी?" वामनने आशेने विचारलं.

शंभरापैकी नाही, असं श्रीपादने नाइलाजाने सांगितलं. ऐंशी म्हणजे मंदाकडे झुकणारी. त्याने सुमतीकडे पाहायचं टाळलं.

वेणूवहिनींनी मुकुंदच्या डोक्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. अण्णा म्हणाले, चला, म्हणजे मी जे पेटीवाचून सांगितलं तेच यांनी पेटी आणून सांगितलं. जूनचं ठरलं तसंच. वामनने ताटलीतला शेवटचा शेंगदाणा शोधून खाल्ला. त्या शेंगदाण्याचा सुमतीला इतका राग आला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटच्या पोरीला बापासमोर ऐंशी म्हणतात आणि हा माणूस शेंगदाणा शोधतो. शास्त्र आपणच बोलावलं, धोंडा आपणच पायावर पाडून घेतला, आता बोलायला जागा कुठे राहिली, असं तिला वाटलं. नीला पाटावरच बसून होती. ऐंशी चांगलं की वाईट हे तिला कळलं नव्हतं, पण पोह्यांची ताटली मुकुंदला मिळाली आणि आपल्याला नाही, एवढं तिला कळलं होतं.

ती एवढीशी पोर त्या पाटावर पुरती मावून वर जागा उरत होती. गोदाचं 'अवरी लानी पोर' सुमतीच्या कानात परत आलं आणि तिचा हात पदरावरून सुटला.

"भावोजी," ती म्हणाली, "ते भागायला खरंच वय लागतं ना? खरं वय?"

"हो. तेच तर सगळं."

"मग नीला दहाची नाही. अजून नऊचीसुद्धा नाही."

यात नवीन काहीच नव्हतं. घरात हे प्रत्येकाला माहीत होतं, तसं प्रत्येक घरात असतंच. पोराला एक तारीख जन्माची असते आणि एक शाळेची. पहिलीवर पत्रिका मांडतात, दुसरीवर जन्म काढतात, आणि दोघींची गाठ कुणी घालत नाही. सोवन्यांकडे चार वर्षांपूर्वी अण्णांनी मुकुंद आणि नीला दोघांनाही एका हाताला एक असं धरून शाळेत नेलं होतं. मुकुंद लाडका, दोन वर्षं उद्यापरवा करत घरीच राहिलेला, सात ओलांडून गेलेला. त्याचं वय कमी लावलं तर पुढे सरकारी नोकरीला बरं. नीला पाचाची व्हायची होती, पण एकाच फेरीत दोन कामं उरकली तर उन्हात परत कोण जाणार? अण्णांनी दोघांचं सहा सांगितलं. मास्तरांनी मान वर न करता दोघांना एक जून लिहिलं. सख्ख्या चुलत भावंडांचा एकाच घरात एकाच दिवशी जन्म झाला याचं त्यांना नवल वाटलं नाही. त्यांच्या शाळेतली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मली होती.

वेणूवहिनींनीच पहिल्यांदा सुमतीची बाजू घेतली. खरं म्हणजे त्यांना कधीचं हे डाचत होतं की एवढीशी चिमुरडी आपल्या मुकुंदच्या बरोबरीची म्हणून लावली गेली. शिवाय आता निकाल लागून गेला होता. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय लागतं? त्या म्हणाल्या, "हो हो, नीला तर स्वातंत्र्यातली. झेंडावंदन झालं आणि दुसऱ्या दिवशी सुमती अडली. मीच तर पाणी तापवलं."

श्रीपादची पेन्सिल सुरू झाली. त्याने भागलं, परत भागलं आणि मान वर केली. नीलाचा ऐंशीचा एक्क्याण्णव झाला होता. नव्वदीच्या वर म्हणजे चारचौघांसारखी, असं तो म्हणाला, आणि मग शास्त्राच्या भरात त्याच्या लक्षात आलं नाही की आपण कुठल्या घरात बोलतोय. त्याने विचारलं, "आणि मोठ्या वहिनी, मुकुंदचं खरं काय?"

वहिनींच्या मांडीवरचं तान्हं रडत नव्हतं, तरी त्या त्याला थोपटायला लागल्या.

"मुकुंदचं काय? लिहिलंय तेच."

"पण मुकुंदच्या बारशाला साखर नव्हती," सुमती म्हणाली. "लढाईतली शेवटची संक्रांत होती ती. तुम्हीच नेहमी सांगता वहिनी, पहिलंवहिलं पोर आणि बारसं गुळावर केलं म्हणून. सेहेचाळीसच्या जूनपर्यंत तर लढाई संपून वर्ष होत आलं होतं."

श्रीपादने परत भागलं. आकडा सांगावा की नाही याचा त्याने थोडा विचार केला, पण ताजं शिक्षण होतं, राहवलं नाही. सत्त्याण्णव. वेणूवहिनी एका क्षणात सुमतीला सोडून अण्णांच्या बाजूला गेल्या. जे कागदावर आहे ते खरं, म्हणाल्या, उगाच बायकांच्या आठवणींवर पोरांची अक्कल ठरते का? आणि हे असले भागाकार करून घराचं वाटोळं करायला श्रीपादला इतकं शिकवलं का? सकाळपासून ज्या शास्त्राने मुकुंदला एकशे दहा दिले होते ते आता त्यांना थोतांड वाटू लागलं.

वामन या सगळ्यात ताटली धुवायला उठला. त्या घरात पुरुषाने ताटली धुवायला उठणं ही फार मोठी घटना होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सुमती पुढे बोलली. जन्मात कधी सासऱ्यांसमोर एवढं बोलली नव्हती. ती म्हणाली की पोर मठ्ठ नाही, लहान आहे. पाच पुरी व्हायच्या आत तिला सहा-सात वर्षांच्या पोरांत बसवलं, ती दोनदा खाली आली, आणि खाली येत येत आता बरोबर आपल्या वयाच्या वर्गात आली आहे. तिसरीत या वयाची मुलं असतात. शाळेने नापास केलं नाही, तिला तिच्या जागेवर नेऊन ठेवलं. आता तिला काढायचं कशासाठी?

श्रीपादला हा विचार सुचला नव्हता.

आता चेंडू अण्णांच्या अंगणात होता आणि अण्णांची पंचाईत मोठी होती. नीला शहाणी म्हणावी तर आपण शाळेत खोटं सांगितलं हे कबूल करावं लागतं. मालधक्क्यावरच्या माणसाने पावतीवर खोटा आकडा लिहून घेतला, असा त्याचा अर्थ. सुनेसमोर आणि शेंडेफळासमोर हे कबूल करायचं वय त्यांचं राहिलं नव्हतं. त्यांनी काठी जमिनीवर टेकवली.

"सूनबाई, दाखल्यावर सही-शिक्का आहे. त्यावर जे आहे ते खरं. मुकुंद आणि नीला दोघं सेहेचाळीस सालच्या जूनमधली. त्यात आता बदल नाही."

"आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर नीला झाली तेव्हा तुम्ही आळीत पेढे वाटलेत, ते?" सुमती म्हणाली.

"वाटले. स्वातंत्र्याचे आणि तिचे एकदमच वाटले. मी खोटं बोलत नाही. पेढेही खरे आणि दाखलाही खरा."

वेणूवहिनींनी पोह्यांच्या परातीकडे पाहिलं. सुमतीला वाटलं, संपलं. या माणसापुढे भागाकार चालत नाही, गुणाकार चालत नाही, रडणंही चालणार नाही. तिने नीलाला उठवायला हात पुढे केला.

नीला उठली नाही. तिने श्रीपादच्या पुठ्ठ्यांकडे पाहिलं आणि मग श्रीपादकडे.

"काका," तिने विचारलं, "ह्यातला वेडेपणा सांगायचा का?"

वामन हातात ओली ताटली घेऊन दारात उभा होता. सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांना वाटलं असतं तर एका खाकरण्यात हे मिटलं असतं. पण आपण काय वेडेपणा बोललो हे जाणून घ्यायची त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच उत्सुकता वाटली असावी.

"सांग," ते म्हणाले.

"मी सेहेचाळीसमध्ये झाले तर स्वातंत्र्याच्या वेळेला मी चालत असणार," नीला म्हणाली. "मग पेढे मी खाल्ले असते. माझे वाटले नसते." थोडं थांबून ती पुढे म्हणाली, "आणि काठी हरवली तर ती टेकणार कशी? ती तर हरवली."

श्रीपादने कागद ओढला, मघाचं शून्य खोडलं आणि तिथे बरोबरची खूण केली. मग सवयीने त्याने तिच्या बुद्धीच्या वयात दोन महिने वाढवले.

अण्णांनी काठी उचलली, पाहिली, परत खुर्चीला टेकवली. मग कुणाकडेही न बघता वामनला म्हणाले, "जूनमध्ये हिला तिसरीत बसव. घरी ठेवली तर हे मला रोज ऐकावं लागेल. त्यापेक्षा शाळेतल्या मास्तरांना ऐकू दे."

"आणि तारीख?" श्रीपादने विचारलं.

"तारखेला हात लावायचा नाही," अण्णा म्हणाले, "लिहिलंय ते लिहिलंय."

वेणूवहिनी तान्ह्याला घेऊन तरातरा आत निघून गेल्या. आता त्याला दिवसभर त्यांनाच घ्यायचं होतं. सुमतीने डोळे पुसले, परातीच्या तळाशी उरलेले पोहे खरवडून ताटलीत काढले, वर खोबरं घातलं आणि नीलासमोर ठेवले. नीलाने पहिला घास घेतला आणि सांगितलं की मीठ कमी आहे.